हम कुठून येतो

घरी बांधलेला व्हॉल्व्हचा माइक प्रीॲम्प पहिल्यांदा चालू केला, की माणसाच्या आवाजाआधी हम ऐकू येतो. फिलामेंट तांबूस होतात, काही सेकंद हेडफोनमध्ये काहीच नसतं, आणि मग तळातून एकसुरी, जाडसर गुरगुर वर चढते. तंबोऱ्याच्या खर्जाच्याही खालची. ५० हर्ट्झ. बोर्डातली जी वीज यंत्राला चालवते, तीच माइकच्या वाटेत घुसलेली असते. नवख्याला वाटतं, काम फसलं. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त काम इथून पुढेच असतं. जोडणी पुस्तकातला नकाशा बघून करता येते. शांतता मात्र ज्याची त्याला, आपापल्या घरातल्या विजेशी झटून मिळवावी लागते.

आणि आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात तर या विजेचं माहेरच आहे. खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या लोणावळा, वळवण आणि शिरवटा तलावांचं पाणी लोखंडी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली आणायचं, पेल्टन चाकांवर सोडायचं आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पोचवायची, अशी ती योजना. सात वर्षांनी, १९२२ साली, कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर आलं. त्याला पाणी ठोकरवाडीच्या धरणाचं. पाताळगंगा नदी भर उन्हाळ्यातही वाहती दिसते ती खोपोलीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. मनोऱ्यांवरच्या तारा शेतांवरून मुंबईकडे गेल्या. त्यांच्या खालच्या वाड्या-पाड्यांत दिवा लागायला मात्र स्वातंत्र्यानंतरही बराच काळ जावा लागला. हे इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं, आणि यायलाच हवं.

१९४२ च्या उत्तरार्धात याच मनोऱ्यांवर घाव पडले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. त्याच महिन्यांत तिकडे मुंबईत, पोलिसांना चुकवत जागा बदलत, काँग्रेस रेडिओ बोलत होता. २७ ऑगस्टला त्याचं पहिलं प्रक्षेपण झालं आणि १२ नोव्हेंबरला तो चालवणाऱ्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी पकडले गेले. त्यांचा ट्रान्समीटर मुंबईतच जुळवलेला होता. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी साहित्य पुरवलं, म्हणून त्यांनाही अटक झाली. तो काळ व्हॉल्व्हचा. ट्रान्झिस्टरचा शोध लागायला अजून पाच वर्षं होती. कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह मारले गेले. इतिहासाच्या पुस्तकात या दोन हकिकती वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. व्हॉल्व्ह हाताळणाऱ्याला त्या शेजारी-शेजारी दिसतात: इकडे सह्याद्रीतून जाणारी वीज तोडणारे, तिकडे विजेवर चालणाऱ्या जुळवलेल्या यंत्रातून देशाशी बोलणारे.

मला हा प्रीॲम्प हवा होता तो ओव्यांसाठी. पुणे जिल्ह्यात, विशेषतः मुळशीच्या बाजूला, हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, त्या संग्रहात आज लाखाहून अधिक ओव्या आहेत. घाट उतरलं की आमच्या बाजूलाही ओव्या आहेत, ठाकर आणि कातकरी पाड्यांवरची लग्नातली गाणी आहेत. ती गाणाऱ्या बायका आता वयाच्या उतरणीवर आहेत. ओवी सभेत म्हणायची नसते. बाई स्वतःशी, किंवा समोर दळायला बसलेल्या दुसऱ्या बाईशी, अर्ध्या आवाजात गाते. माइक तोंडाजवळ नेला की ती बिचकते, आवाज चढवते, आणि मग जे रेकॉर्ड होतं ते तिचं नसतं. माइक हातभर लांब ठेवायचा तर सिग्नल इतका बारीक येतो, की यंत्राची स्वतःची गुरगुर त्याच्यावर बसते.

आकड्यांत सांगतो. साधा डायनॅमिक माइक जवळून बोलल्यावर एक-दोन मिलिव्होल्ट देतो. हातभर अंतरावरच्या हलक्या गाण्याला अर्धा मिलिव्होल्टही मिळाला तरी नशीब. रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला साधारण एक व्होल्ट लागतो, म्हणजे दोन हजार पट वाढ. या अर्ध्या मिलिव्होल्टच्या वाटेवर फक्त दहा मायक्रोव्होल्टचा हम शिरला, तरी तो गाण्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतका होतो. दोन ओव्यांच्या मधल्या श्वासात तो स्पष्ट ऐकू येतो.

मग व्हॉल्व्हच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आजचा चांगला आयसी यापेक्षा कमी खरखरीत आणि कितीतरी कमी विजेत हे काम करतो, हे मला मान्य आहे. व्हॉल्व्हच्या आवाजाची ऊब म्हणून जे सांगितलं जातं, ते मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचं, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुराचं हलकं मिश्रण. इतक्या बारीक सिग्नलला तेही फार होत नाही. माझं कारण वेगळं. या यंत्राचा प्रत्येक भाग डोळ्याला दिसतो, मीटरने मोजता येतो, आणि बिघडला तर एकटा बदलता येतो. तालुक्याच्या गावात बसून तीस वर्षं चालवायचं यंत्र असंच असावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिला व्हॉल्व्ह ईसीसी ८३. अमेरिकन नाव १२एएक्स७. एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. अडीचशे व्होल्टचा पुरवठा, ॲनोडला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम, इतकं दिलं की एकेक ट्रायोड पन्नास-साठ पट वाढ देतो. दोन टप्पे एकापुढे एक लावले की वाढ गरजेपेक्षा जास्त होते, म्हणून मध्ये व्हॉल्यूम आणि थोडा फीडबॅक. शेवटी ईसीसी ८२ चा कॅथोड फॉलोअर, म्हणजे लांब केबल ओढायची ताकद येते. आणि सगळ्यांच्या आधी, माइक आणि पहिल्या ग्रिडच्या मध्ये, एकास दहाचा इनपुट ट्रान्सफॉर्मर.

या ट्रान्सफॉर्मरबद्दल लोक पैसे वाचवायला बघतात, आणि तिथेच सगळं हरतात. दीडशे ओहमच्या कोणत्याही वस्तूत, मग तो माइक कितीही भारी असो, नुसत्या उष्णतेने सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्टचा खरखराट असतोच. निसर्गाने घातलेली ती मर्यादा आहे. व्हॉल्व्हची स्वतःची खरखर तिच्या काही पट जास्त असते. ट्रान्सफॉर्मर काहीही वीज न खाता सिग्नल दहा पट वर उचलतो आणि मगच व्हॉल्व्हच्या हातात देतो. म्हणजे व्हॉल्व्हची खरखर सिग्नलच्या मानाने दहा पट लहान झाली. हे काम दुसरं कुणी करू शकत नाही. म्युमेटलच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या, डबीत बसलेला असा ट्रान्सफॉर्मर बाकी सगळ्या सामानापेक्षा महाग पडतो. तो घ्यावा. व्हॉल्व्हवर मात्र उधळू नये.

व्हॉल्व्ह कुठून येतात? एकेकाळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनत. आता जगात मोजके कारखाने उरले आहेत, स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाने निर्यात थांबवल्याची बातमी आली, आणि गिटार वाजवणाऱ्यांपासून रेडिओवाल्यांपर्यंत सगळ्यांची धावपळ झाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून जुना साठा निघतो. कर्जतहून लोकल धरली की दादरला उतरून ग्रँट रोड गाठायचं. दुकानदाराकडून व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग बघावा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलेली असते आणि व्हॉल्व्ह संपलेला असतो.

मेन्स ट्रान्सफॉर्मर मात्र इथेच होतो. खोपोलीच्या कारखान्यांमुळे मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत, आणि स्टॅबिलायझर भरणाऱ्या कारागिराला २३० व्होल्टवरून २२० आणि ६.३ व्होल्टचं काम अवघड नाही. त्याला एकच गोष्ट नीट समजावून द्यावी लागते: प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक वेढा, आणि त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटता कामा नयेत. मध्ये कागद हवाच. टोकं चिकटली तर तो वेढा शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जळतो. न चिकटता राहिला आणि त्यातून काढलेली तार चासीला गेली, तर मेन्समधून येणारी बरीच घाण तिथेच अडते. समोर उभं राहून तो वेढा घालून घ्यावा.

मला हे काम शिकवलं ते नेरळच्या एका काकांनी. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. रेडिओवरच्या कामगारसभेच्या वेळेआधी सेट मिळालाच पाहिजे म्हणून गिऱ्हाईक दुकानात बसून राहायचं, तो काळ त्यांनी पाहिला. त्यांच्या टेबलावर अजून सिरीज बोर्ड आहे: लाकडी फळीवर शंभर वॅटचा जुना बल्ब, त्याच्या मागे सॉकेट. नवीन यंत्र थेट मेन्सला लावायचंच नाही, आधी या बल्बमधून. बल्ब भकाभक पेटला म्हणजे आत शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंदावला म्हणजे कंडेन्सर भरले, पुढे जायला हरकत नाही.

पहिल्यांदा त्यांना फोन केला, तेव्हा मी लगेच व्हॉल्व्हबद्दल विचारायला लागलो.

“काका, दोन व्हॉल्व्ह बदलून बघितले, तरी हम जात नाही.”

“व्हॉल्व्ह राहू दे. भिंतीतली तिसरी पिन कुठे जाते, बघितलंस का?”

ती कुठेच जात नव्हती. बोर्डाच्या मागे हिरवी तार होती, मीटरपाशी ती उघडीच सोडलेली. असं किती घरांत असेल! तीन पिनांचा प्लग बघून माणूस निर्धास्त होतो. अर्थ नसलेली चासी मेन्स ट्रान्सफॉर्मरमुळे अधांतरी काही दहा व्होल्टवर तरंगते. माइकच्या जाळीला बोट लावलं की चुणचुण होते आणि हमचा सूर बदलतो. हे लक्षण दिसलं की बाकी सगळं थांबवावं, कारण हा प्रश्न जिवाचा आहे. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं: खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा. इथली जमीन काळ्या कातळाची. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थचा प्रतिकार वाढतो, आणि मे महिन्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतल्यावर हम उतरलेला मी स्वतः ऐकला आहे. ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावणं त्याच दिवशी उरकून घ्यावं.

अर्थ झाल्यावर गुरगुर निम्मी झाली, पण राहिलेल्या आवाजाचा पोत वेगळा होता. आता त्यात एक करवती धार होती. इथे कान वापरायचा. गोल, खोल गुरगुर म्हणजे ५० हर्ट्झ: फिलामेंटच्या तारा, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, उघडी केबल. बरोबर एक सप्तक वरची, झणझणीत घरघर म्हणजे १०० हर्ट्झ. डायोड ब्रिज लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून आकडा दुप्पट होतो. ती आली की पुरवठ्याकडे बघायचं. हे एक ओळखता आलं तर शोधण्याची जागा निम्म्याने कमी होते.

माझा पहिला कंडेन्सर चांगला होता, मापात होता. दोष तारेच्या वाटेत होता. ब्रिजमधून पहिल्या कंडेन्सरमध्ये वीज सलग जात नाही, सेकंदाला शंभर वेळा झटक्यांनी जाते, आणि प्रत्येक झटका सरासरीपेक्षा कितीतरी पट मोठा असतो. माझ्या जोडणीत या झटक्यांची परतीची वाट पहिल्या व्हॉल्व्हच्या ग्राउंडवरून जात होती. तार जाड होती, पण जाड तारेलाही थोडा प्रतिकार असतोच, आणि त्या थोड्याशा प्रतिकारावर झटक्यामुळे जे काही मायक्रोव्होल्ट उभे राहतात, ते ग्रिडला माइकचा आवाज वाटतात. काकांनी नकाशावर पेन्सिलीने एक रेघ काढली. ब्रिजचा निगेटिव्ह थेट पहिल्या कंडेन्सरच्या पायाला, आणि तिथून पुढे एकच तार बाकीच्या ग्राउंडला. एक सांधा उकलला, चार बोटं अंतरावर पुन्हा केला. घरघर गेली. पैशाचं सामान काहीच लागलं नाही.

उरलेल्या पन्नास हर्ट्झची गोष्ट सगळ्यांत सुंदर आहे. पुरवठ्याच्या सगळ्या तारा काढून टेप लावली, फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर रिकामा चालू ठेवला. इनपुट ट्रान्सफॉर्मर चासीवर जागच्या जागी होता. त्याची सेकंडरी वेगळ्या रेकॉर्डरला जोडली, रेकॉर्डरचा आवाज पूर्ण वर, हेडफोन कानाला. मग मेन्स ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढून त्याला लाकडाच्या फळीवर हाताने फिरवायला घेतलं. तीस अंश, गुरगुर तशीच. साठ अंश, थोडी कमी. काटकोनाच्या जरा अलीकडे ती एकदम खाली बसली, इतकी की पंख्याचा आवाज जाणवायला लागला. दोन अंश पुढे गेलो की परत वर. एका ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र दुसऱ्याच्या वेढ्यांना समांतर येतं ती ही जागा. फळीवर पेन्सिलीने खूण केली आणि त्याच कोनात चासीला नवी भोकं पाडली. चासी बाहेरून वाकडी दिसते, ट्रान्सफॉर्मर तिरका बसलेला. बघणारे विचारतात. तो तिरकाच राहणार.

फिलामेंटच्या तारांचं काम त्या मानाने ठरलेलं आहे. दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून न्यायच्या, ग्रिडच्या तारेला काटकोनातच ओलांडायच्या. चार आणि पाच नंबरच्या पिना एकत्र, नऊ नंबर वेगळी, ६.३ व्होल्टसाठी. आमच्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज चढतं, संध्याकाळी पंप चालू असताना पडतं; म्हणून हे ६.३ दिवसातून एकदा मोजून भागत नाही. दहा टक्क्यांच्या पलीकडे कायम गेलं तर व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. पहिल्या व्हॉल्व्हला मी डीसी दिला.

मोजण्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. बिघाड शोधताना भाग बदलत सुटणं हा सगळ्यांत महागडा मार्ग. मीटर लावा. ईसीसी ८३ च्या ॲनोडवर साधारण १६० व्होल्ट हवेत, कॅथोडवर सव्वा ते दीड, ग्रिडवर शून्य. ॲनोडवर पुरवठ्याइतकेच व्होल्ट दिसले तर व्हॉल्व्हमधून करंटच जात नाही: फिलामेंट गेलं, किंवा कॅथोडचा रेझिस्टन्स तुटला. ॲनोड फार खाली आणि ग्रिडवर थोडे पॉझिटिव्ह व्होल्ट, तर आधीच्या टप्प्याचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. हम कुठल्या टप्प्यावर शिरतो हे कळायला मागून पुढे यायचं. दुसऱ्या ट्रायोडचा ग्रिड ग्राउंडला टेकवला आणि हम थांबला, तर तो त्याच्या आधीच्या टप्प्यातून येतोय. नाही थांबला, तर तिथे किंवा त्याच्या नंतर. असं एकेक दार बंद करत जायचं. आणि हे सगळं एका हाताने, दुसरा हात खिशात. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट बसून राहतात. त्यांच्यावर २२० किलोओहमचा ब्लीडर लावलेला असला, तरी हात घालण्याआधी मीटरने खात्री करायची.

मग जुलै आला. माथेरानच्या पायथ्याचा पाऊस, आठ-आठ दिवस ऊन नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी. प्रीॲम्पमध्ये चरचर सुरू झाली, तळणीत पाण्याचे थेंब पडावेत तशी, आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर. ग्रिडचा रेझिस्टन्स एक मेगाओहमचा. तपकिरी बेकलाइट टॅगबोर्डवर ओल धरली, की शेजारच्या अडीचशे व्होल्टच्या टॅगवरून बोर्डाच्या पृष्ठभागावरूनच ग्रिडपर्यंत बारीक वाट तयार होते. सगळं सामान चांगलं, आणि तरी यंत्र आजारी. ग्रिडवर मीटर लावल्यावर अर्धा व्होल्ट दिसला, तेव्हा उलगडा झाला. मीटर स्वतः थोडं ओढून घेतं, म्हणजे खरे व्होल्ट त्याहून जास्तच असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड घासून धुतला, झाकणाखाली साठ वॅटचा बल्ब रात्रभर ठेवला, सकाळी ग्रिड शून्यावर आला. कायमचा उपाय म्हणून ग्रिडचे सांधे बोर्डावरून काढून हवेत, थेट सॉकेटच्या पिनेवर घेतले. कोकणातल्या हवेसाठी नकाशात हा बदल आधीच करून ठेवावा.

मायक्रोफोनिक व्हॉल्व्हचा त्रास फार नाही झाला. पेन्सिलने काचेवर टिचकी मारली आणि हेडफोनमध्ये घंटा वाजली, तर तो व्हॉल्व्ह पहिल्या जागेवरून काढायचा.

आता घरात हा प्रीॲम्प शांत आहे. माइक हातभर लांब ठेवून गाणं घेता येतं, आणि दोन ओळींच्या मधला श्वास श्वास म्हणूनच ऐकू येतो. पाड्यावर नेण्याचा प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे. कशेळ्याच्या पुढच्या वाड्यांत अर्थिंगचा भरवसा नाही, आणि दिवसा वीज जाते. साध्या इन्व्हर्टरवर चालवून बघितला तर त्याची लाट चौकोनी, त्यातून पन्नासबरोबर दीडशे, अडीचशे, साडेतीनशे हर्ट्झची सगळी पलटण येते, आणि इतके दिवस काढलेला हम माणसं जमवून परत येतो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणि ट्रकची बॅटरी हा एक मार्ग आहे, वजन वाढतं. सोबत तांब्याचा मुलामा दिलेली सळई घ्यायची, विहिरीजवळच्या ओल्या मातीत ठोकायची आणि हिरवी तार तिला बांधायची. काकांचं म्हणणं, सळई कमरेइतकी तरी आत गेली पाहिजे, आणि इथे हातभर खणलं की कातळ लागतो. म्हणून जागा आधी दिवसा जाऊन बघून ठेव.